पेढीवरची शिकवण आणि कारभाऱ्यांची शाळा

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा आम्हांस ‘व्यवसायातील नेतृत्व व व्यवस्थापन’ या विषयावर चार शब्द लिहिण्याची सूचना केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सान्निध्यात गेले. शिक्षण म्हणावे तर मॅट्रिकपर्यंतचे व पुढे अध्यापनाच्या पदविकेपुरते. वैश्य कुळात जन्मूनही तराजू कधी हाती धरला नाही, हे आम्ही येथे मोकळेपणाने कबूल करतो. परंतु आमचे तीर्थरूप धर्माबादच्या मोंढ्यातील एका अडत दुकानावर एकतीस वर्षे मुनीम होते. शाळा सुटली की त्यांच्या बैठकीजवळ पाटी घेऊन बसावे व दुकान बंद होईतो पाढे म्हणावेत, असा आमचा बालपणीचा क्रम असे. त्यामुळे पेढीवर मनुष्य कसा घडविला जातो हे आम्ही जवळून पाहिले आहे, आणि तो कोठे अपुरा राहतो हेही पाहिले आहे. या दुसऱ्या गोष्टीविषयीच आम्हांस अधिक बोलावयाचे आहे.

आपले धर्माबाद हे रेल्वेने वाढविलेले गाव होय. मनमाडहून निघून नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि गोदावरीच्या अलीकडे हे स्थानक पडले. जवळच गोदाकाठी बासरचे सरस्वतीचे देवस्थान, आणि तेथून पुढे सारा तेलुगु मुलूख. धर्माबादचा व्यापारी एका कानाने मराठी ऐकतो व दुसऱ्या कानाने तेलुगु, असे जे विनोदाने म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. निजामी अमदानीत तर त्यास तिसरा कान ठेवावा लागे, कारण सरकारी दप्तर उर्दूत चाले. आपल्या आर्यवैश्य समाजातील घरांतून आजही स्वयंपाकघरात तेलुगु व ओसरीवर मराठी अशी वाटणी आढळते. या गावाने लाल मिरचीच्या व्यापारात नाव मिळविले ते काही केवळ जमिनीच्या गुणाने नव्हे. दोन भाषांचे शेतकरी, हैदराबादचे घाऊक व्यापारी आणि रेल्वेचा डबा या तिहींना एकत्र आणणारी माणसे येथे होती, म्हणून ते नाव झाले.

ही माणसे कोणत्या शाळेत शिकली? त्यांची शाळा म्हणजे पेढी. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्यास दुकानात बसवीत. बसवीत म्हणणेही चूकच, कारण पहिली दोन वर्षे त्यास बसावयास मिळतच नसे. पहाटे दुकान झाडणे, गादीवरील चादर बदलणे, आलेल्या कुळास पाण्याचा तांब्या देणे, चहा सांगणे, हमालांची मोजणी लक्षात ठेवणे, हे त्याचे पहिले धडे. त्यातून तो माणसे ओळखावयास शिके. कोण पाणी पिऊन लगेच भाव विचारतो, कोण घरची खुशाली सांगत बसतो व मग हळूच उचल मागतो, हे त्याच्या ध्यानात येई. पुढे त्याच्या हाती चिठ्ठ्या येत, मग रोजकीर्द, मग खतावणी. पै चुकली तर रात्री ताळा जुळेपर्यंत जेवण नाही, असा कडक नियम असे. मिरचीची पारख तर पुस्तकात मिळणे शक्यच नव्हते. मूठभर मिरची उचलावी, दाबावी, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकावा; खुळखुळली तर वाळलेली, मऊ लागली तर पोत्यात काळी पडणार. देठ, रंग, बी यांची परीक्षा डोळ्यांनी व्हावयाची आणि तिखटपणाची नाकाने. आमचे तीर्थरूप शिंक आली की मालाचा दर्जा सांगत, असे मोंढ्यात थट्टेने म्हटले जाई.

याखेरीज हिशेबाची एक अडचण होती, जी आजच्या पिढीस ऐकूनही ठाऊक नसेल. हैदराबाद संस्थानात स्वतःचे नाणे चाले, त्यास हाली सिक्का म्हणत. बाहेरचा रुपया तो कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सरकारी हिशेब. मुंबईकडे कापूस गेला तर पैसा कलदारात, शेतकऱ्यास चुकारा मात्र हालीत. संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, त्यांची जकात वेगळी. वर्ष मोजावयाचे तर दप्तरात फसली, दुकानात शके आणि रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी. या सर्वांचा मेळ एकाच वहीत घालणारा मुनीम म्हणजे लहानसा अर्थमंत्रीच म्हणावा लागेल. सौदाही उघड होत नसे. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत आणि भाव ठरे. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून फक्त रुमालाची हालचाल पाही. संस्थानात इ. स. १९३० मध्ये शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला तरी ही चाल एकाएकी गेली नाही. आपल्या पूर्वजांच्या कौशल्याचे गुणगान करताना हा रुमालही आठवावा, असे आम्हांस वाटते. कौशल्य होते, परंतु ते झाकलेले होते, आणि झाकण्याची सवय शेतकऱ्यापुरतीच राहिली नाही. ती दुकानातील माणसांपर्यंत आणि पुढे घरातील मुलांपर्यंत पोहोचली.

येथे एक घडलेली गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमचे तीर्थरूप ज्या दुकानावर होते, त्याचे मालक अत्यंत कर्तबगार गृहस्थ होते. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. सकाळी सर्वांआधी ते गादीवर येत व रात्री सर्वांनंतर उठत. भाव त्यांनी सांगावा, उचल त्यांनी द्यावी, हैदराबादच्या व्यापाऱ्याशी बोलणे त्यांनीच करावे. तिजोरीची किल्ली करगोट्यास बांधलेली असे आणि ती स्नानाच्या वेळीही सुटत नसे. थोरला मुलगा तिशीस आला होता, दुकानात रोज येत होता, परंतु त्याच्याकडे काम म्हणजे हमालांस बोलावणे व पोती मोजणे. त्याने एकदा शंभर पोत्यांचा सौदा आपल्या बुद्धीने केला, तेव्हा चारचौघांत त्याची अशी संभावना झाली की पुढे त्याने तोंड उघडणे सोडले. मुनिमाची तीच गत. तीर्थरूपांस सारा हिशेब पाठ, परंतु ‘तुमचे काय मत?’ हा प्रश्न एकतीस वर्षांत त्यांस कोणी विचारला नाही.

इ. स. १९७८ च्या हंगामात, मोंढा मिरचीने भरलेला असताना, मालकांस अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. शेतकऱ्यांस दिलेल्या कितीतरी उचली तोंडी होत्या, वहीत नव्हत्या. कोणत्या व्यापाऱ्यास किती दिवसांची मुदत द्यावयाची, कोणाचा शब्द चालतो व कोणाचा चालत नाही, हे सारे त्या एका मस्तकात होते आणि ते मस्तक आता बोलू शकत नव्हते. मुले अप्रामाणिक नव्हती, आळशीही नव्हती. निर्णय घेण्याची सवय त्यांस कोणी लागू दिली नव्हती, एवढेच. भाव चढत असताना त्यांनी माल विकला नाही, उतरू लागला तेव्हा घाबरून सगळा काढला. दोन वर्षांत दुकान बंद झाले. वडील तोपर्यंत जिवंत होते व खाटेवरून पाहत होते. असे पाहत असलेले डोळे आम्ही त्यानंतर अन्य घरांतूनही पाहिले आहेत, म्हणून ही एका घराची उणीदुणी न समजता आपल्या साऱ्या पद्धतीचा दोष समजावा, अशी विनंती आहे. पेढी माणसास सर्व काही शिकवी, किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे तेवढे शिकवीत नसे.

मग ते कोठे शिकविले गेले? महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. लक्ष्मणराव मुळात मास्तर, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. तेथे बढतीत त्यांस डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास सायकलींच्या दुकानाकडे वळले आणि पुढे लोखंडी नांगर करू लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रांचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस नवल वाटते ते माणसांच्या निवडीचे. शाळा अर्धवट टाकलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब व दप्तर सांभाळले, शंभूराव जांभेकरांनी यंत्रे व ओतकाम पाहिले, बंधू रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व कारभार उचलला. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांवर त्यांनी पहाऱ्याचे काम सोपविले आणि तो विश्वास वाया गेला नाही. ज्यास जे काम दिले ते त्याचे होऊ दिले, ही त्यांची रीत. पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकून आले, तेव्हा त्यांसही बापाच्या सावलीत नुसते उभे राहावे लागले नाही. नवे घडविण्यास वाव मिळाला व पुढे पुण्यात आणि बंगळुरात कारखाने निघाले. तथापि ही एका व्यक्तीची प्रतिभा होती. लक्ष्मणरावांजवळ जे होते ते इतरांस शिकविता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या हयातीत बहुतेकांच्या मनातही आला नसेल. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

हे १९५६ साल आम्हां मराठवाड्याच्या लोकांस दुसऱ्याच कारणाने स्मरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तेलंगण आंध्रात गेले व कानडी भाग म्हैसूरकडे. धर्माबादच्या आणि निजामाबादच्या मध्ये, एकाच नदीच्या दोन तीरांवर, राज्याची सीमा आली. आपली कोर्टे, आपली दप्तरे, आपला मुलांना शिकविण्याचा ओढा हैदराबादकडून मुंबई-पुण्याकडे वळावा अशी ती योजना होती, व तिचे आपण स्वागतच केले. परंतु व्यापार सीमेने अडत नाही. मिरची पूर्वीप्रमाणेच त्याच गाडीने हैदराबादेस जात राहिली. आणि नेमक्या त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९५६ मध्ये, त्याच हैदराबादेत भारतातील एक अभिनव संस्था जन्मास आली. तिचे नाव अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया. आपल्या सोयीसाठी आम्ही तीस कारभाऱ्यांची शाळा म्हणू.

सरकार आणि उद्योगपती या दोघांच्या सहकार्याने ही संस्था निघाली. तीस जागा मिळाली ती बेला विस्टा नावाच्या प्रासादात. हा प्रासाद म्हणजे निजामाच्या थोरल्या चिरंजीवांचे, वऱ्हाडच्या युवराजांचे निवासस्थान. ज्या वऱ्हाडावर निजामाची सत्ता नावापुरती उरली होती, त्याच्या नावाची पदवी मिरविणारे युवराज जेथे राहत, तेथे आता कारखान्यांचे, बँकांचे व सरकारी खात्यांचे वरिष्ठ अधिकारी विद्यार्थी म्हणून येऊ लागले. इतिहासास कधीकधी विनोदबुद्धी असते, ती अशी.

पहिले प्राचार्य कोण असावेत? एखादा प्राध्यापक असावा असे वाटेल, परंतु ते होते जनरल सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश. जन्म कोल्हापूरचा, १९०३ चा. वडील हैदराबादच्या निजामाचे वैद्य. भारताच्या भूसेनेचे प्रमुखपद १९५५ ते १९५७ या काळात भूषवून निवृत्त होताच त्यांनी या महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले, व १९५९ मध्ये आसामचे राज्यपाल होईपर्यंत ते सांभाळले. सेनापती शाळामास्तर झाला म्हणून आश्चर्य करण्याचे कारण नाही. सैन्यात अधिकारी पडला तर त्याच्या हाताखालच्याने तत्क्षणी पुढे व्हावे लागते, आणि त्यासाठी त्यास आधीपासून तयार करावे लागते. ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न ज्या धंद्यात रोजचा आहे, त्यातला मनुष्य या कामास योग्य, हे निवडणाऱ्यांनी अचूक ओळखले. या महाविद्यालयाच्या नियामक मंडळाची धुरा पुढे दीर्घकाळ वाहिली ती चिंतामणराव देशमुखांनी. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेला हा पुरुष रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, केंद्राचा अर्थमंत्री झाला आणि मुंबईच्या प्रश्नावर त्याने त्याच १९५६ साली मंत्रिपद सोडले. अधिकाराची खुर्ची सोडता येते, हे ज्याने कृतीने दाखविले होते, त्याच्याकडे कारभाऱ्यांच्या शाळेचे अध्यक्षपद यावे हे आम्हांस फार समर्पक वाटते. मराठवाडा हैदराबादहून निघाला आणि ही दोन माणसे हैदराबादेस आली.

आता त्या शाळेत शिकवीत काय, ते पाहू. या प्रकारची मूळ संस्था इंग्लंडात टेम्स नदीकाठी हेन्ली येथे १९४८ मध्ये सुरू झाली होती. महायुद्धात सनदी नोकर, सेनाधिकारी, कारखानदार आणि बँकवाले यांस एकत्र कामे करावी लागली व एकमेकांची रीत समजेना, तेव्हा अशा भिन्न भिन्न क्षेत्रांतील माणसांस काही काळ एका छपराखाली ठेवावे, हा त्यामागील विचार. हैदराबादेने तोच नमुना समोर ठेवला. तेथील पद्धतीस सिंडिकेट पद्धती म्हणत. दहा-अकरा जणांचा एक गट करावयाचा. त्यात एक बँकेचा, एक रेल्वेचा, एक कारखान्याचा, एक सरकारी खात्याचा, अशी मुद्दाम भेसळ असे. गटास एक विषय दिला जाई. व्याख्यान देणारा गुरुजी नाही. गटातीलच एक अध्यक्ष, दुसरा चिटणीस. वाचावयाचे, वाद घालावयाचा, ठराविक मुदतीत लेखी अहवाल पुरा करावयाचा आणि सर्व गटांच्या एकत्र सभेत त्याचे समर्थन करावयाचे. विषय बदलला की अध्यक्ष बदले. काल जो मुख्य होता तो आज चिटणीस होऊन दुसऱ्याचे बोलणे लिहून घेई.

हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या मास्तरकीस जरा धक्काच बसला. वर्गात शिक्षक बोलणार नाही, मग शिकणे व्हावयाचे कसे? परंतु विचार करता ध्यानात आले की ज्यांस हे शिक्षण द्यावयाचे ते मुले नव्हेत. त्यांस आपापल्या कामाचे ज्ञान पुष्कळ आहे. उणीव आहे ती दुसऱ्याचे ऐकण्याची, अर्धवट माहितीवर निर्णय घेण्याची, आणि घेतलेला निर्णय इतरांनी उचलून धरावा असा मांडण्याची. तीस वर्षे हुकूम देण्याची सवय झालेल्या मनुष्यास एक संध्याकाळभर चिटणीस करून बसविणे, हाच तेथील मोठा धडा असला पाहिजे. आमच्या त्या दुकानमालकांस असे आठ दिवस बसविले असते तर! असो.

आपल्या समाजास ही कल्पना अगदीच परकी आहे असेही नाही. वासवी कन्यकापरमेश्वरीची पुराणकथा आपण दरवर्षी ऐकतो. पेनुगोंड्याच्या कुसुमश्रेष्ठींकडे राजा विष्णुवर्धनाने कन्येची मागणी केली तेव्हा श्रेष्ठींनी एकट्याने उत्तर दिले नाही. अठरा नगरांतील सातशे चौदा गोत्रांच्या प्रमुखांची सभा बोलाविली, ज्याचे मत त्यास मांडू दिले. सहाशे बारा एका बाजूस गेले आणि एकशे दोन श्रेष्ठींबरोबर राहिले. कथेतील अग्निप्रवेशावर आपण भक्तीने बोलतो, त्याआधीच्या सभेकडे मात्र आपले लक्ष जात नाही. बहुमत विरुद्ध गेले असताही विरोधकांस हाकलले नाही, त्यांस आपल्या वाटेने जाऊ दिले. आणि जे उरले त्यांनी आपण होऊन जबाबदारी पत्करली. पुराणास इतिहास म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु नगरशेठाने दहा जणांस विचारावे, हे आपल्या स्मृतीत होते आणि मोंढ्यात येईपर्यंत कोठेतरी गळून पडले, एवढे खचित.

हैदराबादच्या मागून देशात या विद्येचा विस्तार झपाट्याने झाला. कलकत्ता व अहमदाबाद येथे १९६१ मध्ये व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्था निघाल्या. मुंबईस १९६५ मध्ये जमनालाल बजाज यांच्या नावाची संस्था विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाली. पुण्यास टाटांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी १९६६ मध्ये प्रशिक्षण केंद्र उघडले. अहमदाबादेस हार्वर्डच्या धर्तीवर प्रत्यक्ष घडलेल्या व्यवहाराची हकीकत विद्यार्थ्यांपुढे ठेवून ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ असे विचारण्याची पद्धत रुजली. या संस्थेचे एक उदाहरण आम्ही आवर्जून सांगतो. तिचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई १९६५ मध्ये पदावर आले, तेव्हा वयाची चाळिशीही ओलांडली नव्हती. सात वर्षांत त्यांनी संस्थेस नाव मिळवून दिले आणि १९७२ मध्ये, कोणी जा म्हणत नसताना, संचालकपद सोडले. सोडून ते निघूनही गेले नाहीत. त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नव्या संचालकाच्या हाताखाली जुन्या संचालकाने बसावे, हे आपल्याकडे एखाद्या दुकानात घडलेले कोणी पाहिले असेल तर आम्हांस अवश्य कळवावे.

आता नांदेडासही १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे व तेथे व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापन चालते. आपल्या समाजातील मुले आणि मुलीही पुण्या-हैदराबादेहून ती पदवी घेऊन येतात. स्मरणिकेच्या मागील पानांवर त्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने छापतो. आमचा अनुभव असा की त्यांतील पुष्कळ परत येत नाहीत, आणि जे येतात त्यांची स्थिती ऐकण्यासारखी आहे. आमचा एक जुना विद्यार्थी मोठ्या शहरात तीन वर्षे एका कंपनीत चाळीस माणसांचे काम पाहून धर्माबादेस परतला. दुकानात त्याने संगणक आणला, मालाची नोंद चोख ठेवली. परंतु पाच हजारांचा धनादेश द्यावयाचा झाला तरी वडिलांची सही लागते आणि वडील लग्नास परगावी गेलेले असतात. तो हसत हसत आम्हांस म्हणाला, “गुरुजी, तिकडे मी चाळीस माणसांना रजा मंजूर करीत होतो, इकडे मला हमालाला उचल देता येत नाही.” त्याचे हसणे फार काळ टिकेल असे आम्हांस वाटले नाही, व टिकलेही नाही. पुढच्या दिवाळीस तो पुन्हा शहरात गेला होता. वडील आम्हांस बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, आजकालच्या मुलांना कष्ट नकोत. आम्ही गप्प राहिलो. म्हाताऱ्या माणसाशी भर बाजारात वाद घालण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही.

समाजाच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या वाढाव्यात. परंतु मुलास पदवीसाठी पैसे देणारा समाज त्याच्या बापास काय शिकवितो, हाही विचार व्हावा. दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी वर्षभराच्या एका सौद्याचा, एका खरेदीचा, एका वसुलीचा संपूर्ण अधिकार मुलाकडे वा सुनेकडे लिहून द्यावा, तोटा झाला तरी वर्षभर मध्ये पडू नये, एवढे चार-दोन घरांनी केले तरी पुष्कळ. आपल्या वार्षिक सभेतही अध्यक्षस्थानी पंचविशीतला एखादा बसावा आणि माजी अध्यक्षांनी त्याचे इतिवृत्त लिहावे, अशी सूचना आम्ही गेल्या वर्षी केली होती. ती विनोद म्हणून स्वीकारली गेली व टाळ्याही पडल्या. आम्ही विनोद केला नव्हता.

ते दुकान बंद झाल्यावर मालकांचा धाकटा मुलगा, वय वर्षे अठरा, संध्याकाळी आमच्या घरी येऊ लागला. त्यास हिशेब शिकावयाचा होता. तीर्थरूपांनी जुन्या वह्या काढल्या आणि एखाद्या जुन्या हंगामातले पान उघडून, पुढचे पान हाताने झाकून, त्यास विचारीत: या दिवशी भाव इतका, कोठारात इतकी पोती, आणि या तीन कुळांस पैसा हवा आहे, तू काय करशील? तो म्हणे, मला काय ठाऊक, तुम्ही सांगा. तीर्थरूप काही सांगत नसत. आई दोनदा जेवावयास हाक मारी. शेवटी तो चाचरत काहीतरी उत्तर देई, ते त्यांनी कागदावर त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे, आणि मग झाकलेले पान उघडावे. त्याचे उत्तर चुकले तर ते म्हणत, “चालेल. तुझ्या वडिलांचेही त्या दिवशी चुकले होते.” मुलगा वाकून वडिलांच्या हातचे ते आकडे पाही. त्या पोरास त्याच्या वडिलांचे काही चुकले होते ही गोष्ट तोवर कोणी सांगितली नव्हती.